निजलेले वाफे

बाई : तुमच्या खात्यानं झोपलेल्या जिवाला मेलेलं ठरवलं, साहेब. नाडी न बघता. आणि आज चार वाजता उचलायला माणसं पाठवताय.

साहेब : बाई, जरा दम तरी खाऊ द्या. चार मजले चढून आलोय.

बाई : खा ना. माती काही पळून जात नाही. पळता आलं असतं तर तुमचं पत्र आलं त्याच दिवशी गेली असती.

साहेब : मी नुसता अंमलबजावणीला आलोय. शहरातल्या शाळांना शेतीशिक्षणासाठी सरकार अनुदान देतं, त्याची अट साफ आहे. पाहणीच्या दिवशी वाफ्यात पीक उभं पाहिजे. मी गेल्या महिन्यात आलो, तर गच्चीवर सहा वाफे आणि सहाही वाफ्यांत नुसता पाचोळा. मग प्रकल्प बंद, माती उचलायची, गच्ची मोकळी करायची. हे काही मी ठरवत नाही.

बाई : मग कोण ठरवतं? नाव सांगा, त्याच्या दारात जाऊन बसते.

माळीकाका : बाई, हळू.

साहेब : बघा, तुमचे माळीकाकासुद्धा सांगतायत, शांत व्हा.

माळीकाका : तुमच्यासाठी नाही म्हणालो, साहेब. वाफ्यासाठी. तिसऱ्याची झोप हलकी आहे.

साहेब : हे, हेच. त्या दिवशीही हेच. मी यांना विचारलं, काय पिकतंय? म्हणाले, काही नाही, माती निजलीय. आता हे मी कुठल्या रकान्यात भरू? 'पीक आहे' आणि 'पीक नाही', दोनच चौकटी आहेत.

माळीकाका : खोटं कशाला सांगू? तीन हंगाम तिनं दिलं. मुळा दिला, घेवडा दिला, टोमॅटो तर इतके की पोरांच्या शर्टांना विचारा. मग पोरांनीच विचारलं, काका, ही दमत नाही का? म्हटलं, दमते की. माझा बाप रान एक हंगाम पड ठेवायचा, काही पेरायचा नाही. आणि बांधावरून जाताना चपला हातात घ्यायचा.

साहेब : चपला कशाला?

माळीकाका : वाजू नयेत म्हणून.

बाई : एवढंच सांगितलं यांनी. वर्गानं ते मनावर घेतलं.

साहेब : वर्गाचं नाव काढू नका, बाई. माझ्या अहवालातला सगळ्यांत वाईट मुद्दा तोच आहे. चाळीस मुलं इथं रांगेत उभी होती. एकेकाला विचारलं, खत म्हणजे काय, पेरणी म्हणजे काय. एकानंही तोंड उघडलं नाही. सगळी ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे बघतायत. एक मुलगी तर डोळे वटारत होती. मी लिहिलं, 'विद्यार्थ्यांना प्रकल्पाची काहीही माहिती नाही.'

बाई : किती मोठ्यानं विचारलंत, आठवतंय?

साहेब : रांगेच्या टोकापर्यंत ऐकू जायला नको?

बाई : गेलं ना. मातीपर्यंत गेलं, म्हणून तर वटारले डोळे. जी पोरं वर्गात मला घोटभर पाणी पिऊ देत नाहीत, ती या गच्चीवर आली की बूट काढून मोज्यांवर चालतात. कुजबुजतात. आणि तुम्ही त्यांना अडाणी म्हणून मोकळे झालात. मी खाली दुसऱ्या वर्गावर होते, नाहीतर तिथल्या तिथं सुनावलं असतं.

साहेब : आता सांगून काय होणार?

बाई : सांगत नाही, वाचून दाखवते. ही मुलांची वही. रोज दोघांची पाळी, मातीपाशी बसून लिहायचं. ऐका. 'सोमवार. पाचोळा बाजूला करून अंगठा खुपसला. वर गार, आत कोमट. ती स्वप्न बघत असणार.' 'बुधवार. एक गांडूळ वर आलं, इकडंतिकडं बघितलं, परत आत गेलं. कोण आवाज करतंय ते बघायला आलं असेल.' 'शुक्रवार. ढगाची सावली वाफ्यावरून गेली तेव्हा मातीनं कूस बदलली. काकांना विचारलं. ते म्हणाले, असेल.'

साहेब : तुम्ही म्हणालात, असेल?

माळीकाका : असेलही.

बाई : आणि हा तुमच्या भेटीचा दिवस. 'आज एक साहेब आले. फार मोठ्यानं बोलले. आम्ही कुणी उत्तर दिलं नाही. माती उठली नाही. आम्ही जिंकलो.'

साहेब : जिंकलो.

बाई : तुमच्या माहितीपत्रकावर हिरवं पान आहे. बाराही महिने हिरवं. असलं पान फक्त छापखान्यात उगवतं, साहेब. मुलांना शेती शिकवा म्हणता, आणि शेतीनं जरा पाठ टेकली की तिचं अंथरूण गुंडाळायला येता. लाज कुणी वाटून घ्यायची?

माळीकाका : साहेब, बूट काढा.

साहेब : कशाला?

माळीकाका : काढा तर. इथं टेका, पहिल्या वाफ्याला. आता पाचोळ्यावर कान ठेवा. चष्मा द्या माझ्याकडे.

साहेब : कुणी बघितलं तर काय म्हणेल?

माळीकाका : निजलाय म्हणेल.

(साहेब कान टेकून पडून राहतात. गच्चीवरचं ऊन तिरपं होत जातं.)

माळीकाका : काय ऐकू येतंय?

साहेब : काही नाही.

माळीकाका : मग गाढ आहे.

साहेब : ऊब आहे मात्र. आमची आई दुपारी अशीच भिंतीकडे तोंड करून पडायची. आम्ही भावंडं बाहेर पायरीवर. एकमेकांना चिमटे काढायचे, पण ओरडायचं नाही. ती उठेपर्यंत. कुणी तिला आळशी म्हणालं असतं, तर मी त्याला...

बाई : तर?

साहेब : चष्मा द्या, काका.

माळीकाका : गालाला पान चिकटलंय. राहू द्या, छान दिसतंय.

साहेब : उठणार कधी ही?

माळीकाका : हंगाम पालटला की. तिला हाक मारावी लागत नाही.

साहेब : पण बाई, चौकटी दोनच आहेत हो. वर मला विचारतील.

बाई : साहेब, तुम्ही हळू बोलायला लागलात.

साहेब : हो का? लक्षातच नाही आलं.

माळीकाका : जिन्यात पावलं वाजतायत. माती भरायच्या पाट्या घेऊन माणसं आली.

साहेब : थांबा, मी बघतो. अहो, तिथंच थांबा, त्या मजल्यावर. पाट्या आपटू नका. खाली ठेवा. सावकाश.

माळीकाका : थांबली.

बाई : माणसं थांबली, तुमचं खातं कुठं थांबलंय? हा तुमचाच अहवाल. चौकट नसेल तर समासात लिहा, समास कोरा आहे. आणि हे वहीचं शेवटचं पान, तुमच्यासाठीच ठेवलंय मुलांनी. 'आम्ही झोपलो तर आम्हाला कुणी घराबाहेर काढत नाही. मग तिला का?' खाली चाळीस नावं आहेत. सोमवारी सकाळी ती सगळी मोज्यांवर चालत इथं येतील आणि माझ्या तोंडाकडे बघतील. मला उत्तर पाहिजे, साहेब, तुमच्या सहीनिशी. हळू दिलंत तरी चालेल. पण द्या.