धनेशाचा दुसरा साक्षीदार

चूक आप्पांचीच. आमच्या पक्षीमंडळाचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर. जन्मभर पोरांकडून 'व्हय सर' ऐकलेला माणूस प्रश्नच असा विचारतो, की 'न्हाय' म्हणायची सोय उरत नाही. आणि मी कॉलेज सोडलं ते सरांपुढं मान डोलवायला लागू नये म्हणून.

कणकुंबीच्या जंगलात पक्षीमोजणी होती. मी नवा स्वयंसेवक, नोंदवही माझ्याकडं. हे जमलं, तर धनेश पक्ष्याच्या घरट्यावर सगळा हंगाम नजर ठेवायचं काम मला मिळणार होतं, आणि मला ते लई पाहिजे होतं. मंडळाचा नियम एकच: दोघांनी पाहिल्याशिवाय पक्षी वहीत जात नाही.

आप्पा एकदम थांबले. "त्या उंबरात धनेश हाय. दिसला न्हवं?"

मला नुसती पानं दिसत होती. "व्हय आप्पा."

"नर का मादी?"

"नर. चोचीत फळ हाय."

आप्पांनी दुर्बीण खाली घेतली. "मला नुसता आवाज आलाय रं. तुला फळबी दिसलं?"

वही त्यांनीच माझ्या हातातून काढून घेतली.

घरट्याचं काम दुसऱ्याला दिलं.