सोळा वर्षांत एकही चूक नाही

बसा मंडळी, बसा. मागचे जरा पुढं सरका. भिंतीला टेकायला मिळतं म्हणून मागं बसलाय, ते मला कळतंय. मलाही टेकावंसंच वाटतंय. सप्ताहाचा पाचवा दिवस आहे, घसा बसलाय, पायांत गोळे आलेत. तेव्हा आज नाचत नाही. मी उभ्या उभ्या सांगतो, तुम्ही बसल्या बसल्या ऐका.

आधी एक प्रश्न. माणूस दुसऱ्याच्या दारात काम मागायला गेला — तर त्यानं आपली चूक सांगावी, का झाकावी? हां, लगेच माना हलवू नका. "सांगावी, महाराज" असं देवळात बसून म्हणायला काय जातंय? घरात सात महिने पगार आला नसेल तेव्हा सांगा. तेव्हाही सांगावी म्हणाल? आता कशा माना थांबल्या!

मग ऐका. इचलकरंजीच्या बाजूची एक बाई, मंदाकिनी चौगुले. नाव बदललंय बरं का, तिनंच बदलायला सांगितलं. वय त्रेचाळीस. एका कापड गिरणीत सोळा वर्षं कापड तपासायला होती. ते काम कसं असतं? तिरकी काच, काचेखाली दिवा, काचेवरून कापड सरकतंय. बाई उभी. धागा तुटलाय, तेलाचा डाग पडलाय, वीण विरळ झालीय — दिसलं की थांबवायचं, खडूनं खूण करायची. तागा पास झाला की त्यावर आपल्या नंबरची चिठ्ठी लावायची. मंदाचा नंबर नऊ. कापड दिल्लीला जाऊ दे नाहीतर दुबईला, खोट निघाली की चिठ्ठी बघायची. नऊ नंबर? बोलवा मंदाला!

आता सोळा वर्षांत मंदाची चूक झाली का? झाली. एकदाच झाली. तिची आई दवाखान्यात होती, डोळे काचेवर आणि जीव तिकडं. बाराव्या ताग्याच्या काठाला तिला एक बारीक रेघ दिसली. आणि ध्यानात आलं. ही रेघ आधीच्या अकरांतही असणार! चिठ्ठ्या लावून झालेल्या. कुणी बघितलं नव्हतं. गप्प बसली असती तर चाललं असतं. पण ती तडक मालकाच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "शेठ, अकरा तागे माझ्या हातून चुकीचे गेले. परत काढा."

मालकानं शाबासकी दिली असं वाटतंय तुम्हाला? कुठली शाबासकी. त्या गिरणीत फाटकाजवळ एक काळा फळा होता. ज्याची चूक त्याचं नाव फळ्यावर, आठ दिवस. येणारा-जाणारा वाचणार. आठ दिवस मंदा मान खाली घालून फाटकातून आत गेली. ती चूक विसरली नाही आणि तो फळा तर मुळीच विसरली नाही. पुढं गिरणी बंद पडली. नवऱ्याची कंबर गेलेली, तो घरात पडून. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मंदानं हातानं आठ अर्ज लिहिले. एकाचंही उत्तर नाही.

कुणाचा फोन वाजतोय? अहो घ्या, लाजू नका. आज फोनचीच कथा आहे.

तर मंदाची पुतणी अस्मिता, कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. ती म्हणाली, "काकू, असल्या अर्जांना आता कुणी विचारत नाही. शंभरांत उठून दिसलं पाहिजे. थांब, एआयकडून लिहून घेऊ." तुम्हाला ठाऊक आहे ना ते? फोनमधलं यंत्र. विचारलं की सांगतं, सांगितलं की लिहितं. आमच्या गावच्या सरपंचांचं भाषण हल्ली तेच लिहितं, आणि खोटं कशाला बोलू, भाषण पूर्वीपेक्षा बरं असतं.

आता त्या यंत्राला शिव्या देऊ नका. कीर्तनकारानं यंत्राला शिव्या दिल्या की टाळ्या पडतात, मला ठाऊक आहे. पण त्यानं फार नीट विचारलं होतं. मराठीत विचारलं, "तुमच्या कामात कधी मोठी अडचण आली का? तेव्हा तुम्ही काय केलंत?"

मंदा दचकली. तिला फळा आठवला. म्हणाली, "तसलं काही नको गं लिहू."

"काही झालंच नाही का?"

"नाही म्हण."

"म्हणजे सोळा वर्षांत एकही चूक नाही?"

मंदा भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "नाही," म्हणाली.

अस्मितानं ते फोनला सांगितलं. फोननं लिहिलं, आणि काय लिहिलं महाराजा! 'सोळा वर्षांचा निर्दोष सेवाकाल.' ठळक अक्षरात, सगळ्यात वर. मंदानं ते दोनदा वाचलं. तिला वाटलं, ही बाई कोण? फार मोठी दिसतेय.

अर्ज गेला आणि चौथ्या दिवशी बोलावणं आलं. मोठा कारखाना, नवी यंत्रं.

समोर माळगे नावाचे साहेब बसले होते. चष्मा कपाळावर, चहा पुढ्यात गार झालेला. ते स्वतः कधीकाळी कापड तपासायला उभे राहिलेले. त्यांनी न बोलता एक तुकडा पुढं टाकला. मंदानं तळहात फिरवला, थांबली, म्हणाली, "इथं दोन धागे एकत्र गेलेत." साहेब हसले. त्या दिवसात पहिल्यांदाच हसले असावेत.

मग त्यांनी अर्ज उचलला. "सोळा वर्षांत एकही चूक नाही. खरं का, बाई?"

बोला मंडळी, आता काय सांगायचं? विठ्ठल विठ्ठल म्हणा, तेवढा मला श्वास मिळतो. विठ्ठल, विठ्ठल. मृदंग जरा हळू, बुवा. ती बाई खुर्चीत बसलीय आणि साहेब तिच्याकडं बघतायत.

मंदा म्हणाली, "खोटं आहे, साहेब." आणि तिनं सगळं सांगितलं. आई, रेघ, अकरा तागे, फळा. सांगताना रडली.

वाटलं ना तुम्हाला, आता नोकरी पक्की? खरं बोलली, देव पावला, आरती करा आणि घरी चला. मलाही तसंच सांगायला आवडलं असतं.

माळगे साहेबांनी कपाट उघडून गठ्ठा काढला. "हे बावीस अर्ज बघा. बावीसच्या बावीस निर्दोष. कापड बघणाऱ्याची चूक होत नाही असं म्हणणारा माणूस मी तीस वर्षांत बघितला नाही, आणि आता एकदम बावीस!"

"मग मला बोलावलं कशाला?"

"मी नाही बोलावलं. अर्ज आधी कॉम्प्युटर चाळतो. वरून त्याला सांगून ठेवलंय, चूक दिसली की अर्ज बाजूला काढ. तुम्ही हे अकरा ताग्यांचं लिहिलं असतं तर या खुर्चीपर्यंत आलाच नसता."

साहेबांनी एक फॉर्म पुढं ओढला. त्यात एक चौकट होती — उमेदवाराच्या हातून पूर्वी काही नुकसान झालं आहे काय? साहेब हळूच म्हणाले, "तुमचा हात चांगला आहे. मला असाच माणूस पाहिजे. पण इथं 'होय' लिहून वर पाठवलं तर वरचे तुम्हाला घेणार नाहीत. मी काही ऐकलंच नाही असं समजा. मी 'नाही' लिहितो, तुम्ही खाली सही करा."

भला माणूस होता हो. तिचं वाईट व्हावं असं त्या खोलीत कुणाच्याच मनात नव्हतं.

मंदानं सही केली. मान हलवू नका, तुम्हीही केली असती आणि मीही केली असती. घरी गेली, पेढे वाटले, मुलीची फी भरली. सगळं छान झालं.

आणि तिसऱ्या महिन्यात तिच्या हातून पुन्हा चूक झाली.

कापड आहे, माणूस आहे, होणारच. सहा तागे चिठ्ठ्या लागून पुढं गेले आणि मग तिला उमगलं. पाय आपोआप निघाले, सवय होती ना! माळगे साहेबांच्या दारापर्यंत गेली. काचेतून साहेब दिसत होते. हात दारावर ठेवला. आणि मनात आलं — सांगायचं कसं? माझ्या कागदावर तर चूकच नाही. उद्या वरचे विचारतील, मागं काय झालं होतं? मग तो फॉर्म निघेल. त्यावर माझी सही आहे आणि अक्षर साहेबांचं. ज्यानं मला पोटाला लावलं त्यालाच मी बुडवू?

ती दारातून मागं फिरली, मंडळी. जागेवर येऊन पुढचा तागा बघायला लागली. ते सहा तागे गेले. तक्रार आली नाही, कुणी नाव घेतलं नाही. आता फळाही नव्हता.

परवा दुपारी मी जेवून पडलो होतो, तेव्हा ती आली. पाया पडली आणि म्हणाली, "महाराज, फळ्यावर नाव होतं ना, तेव्हा मला रात्री झोप लागायची."

मी काय सांगणार तिला? चाळीस वर्षं कीर्तन करतोय. बाईला म्हटलं, पाणी घे. तिनं पाणी घेतलं. जाताना म्हणाली, "नाव बदलून सांगा लोकांना."

म्हणून सांगितलं. पण तिला दोष द्यायला नव्हे. मला तुम्हाला विचारायचंय. पुढच्या रांगेत कारखान्याचे मालक बसलेत, सोसायटीचे चेअरमन बसलेत, शाळेचे हेडमास्तर आहेत. तिकडं सुनांच्या सासवा आहेत, पोरांचे बाप आहेत. रोज संध्याकाळी या देवापुढं येऊन आपण काय म्हणतो? मी चुकलो, मी पापी, माझे अपराध पोटात घाल. गाल बडवून म्हणतो! देवाकडं अर्ज करताना सगळ्यात वर आपली चूक लिहितो. आणि बाहेर चपला घातल्या की आपल्याला माणूस कसा हवा? निर्दोष. नोकर निर्दोष, सून निर्दोष, पोराच्या निकालावर एक लाल रेघ नको. त्या कॉम्प्युटरला चूक बाजूला काढायला कुणी शिकवलं? तो काय आईच्या पोटातून शिकून आला होता?

तुमच्याकडं चूक सांगायला शेवटचं कोण आलं होतं, आठवा. पोरगं आलं होतं? कामगार आला होता? बायको आली होती? आणि कितीतरी दिवसांत कुणीच आलं नसेल, तर आपल्या घरात कुणी चुकत नाही असं समजून निवांत झोपू नका. ते दारापर्यंत येऊन परत जातायत.

माझं बोलणं संपलं. घसा गेलाय. आता तुम्ही गजर करा, मी नुसता टाळ धरतो.