तत्त्वाचा प्रश्न

श्रीधरशी माझं लग्न का मोडलं, विचारताय ना? आणीबाणी उठल्यावर बेटेगावजवळच्या माळावर आम्ही काही पोरापोरींनी नवं गाव वसवलं होतं. जमीन सगळ्यांची, निर्णय बैठकीत. श्रीधर आणि मी लग्न ठरवलं, तर तेही बैठकीत आलं.

"लग्न म्हणजे मालकी," एकाने सुरुवात केली आणि अख्खी दुपार त्यातच गेली. शेवटी मतदान झालं. प्रस्ताव एका मताने पडला. विरोधात श्रीधरचाही हात वर होता.

"तत्त्वाचा प्रश्न होता गं. मनाला लावून घेऊ नकोस."

मी पिशवी भरून बोईसरला आईकडे आले. आठवड्याने तो दारात हजर. "पुढच्या बैठकीत फेरविचार मांडू या?"

मी बोलायच्या आत आई म्हणाली, "आमच्याकडं बैठक नाय होत, बाबा. तू जा."