लेस्टर प्शिबिल्स्की कोण?

हसा, हसा! पन्नाशीचा माणूस भर चौकात सॉसेजच्या पोशाखात नाचतोय म्हटल्यावर हसणारच की तुम्ही... पण काच खाली घेतलीच आहे तर जरा ऐकूनही घ्या, इथला सिग्नल लवकर सुटत नाही! तुम्हाला सांगतो, ही शिक्षा आहे. आमच्या कंपूत जो शेवटचा येतो त्याने इथे उभं राहायचं, पाठीला पाव, पोटावर मोहरीची चटणी. गेल्या वर्षीही मीच होतो! लोर्ना, म्हणजे आमची बायको, तेव्हाच म्हणाली होती, "व्हर्न, पुन्हा सॉसेज झालास तर मी चर्चमध्ये तोंड दाखवायची नाही, आणि तुला घरात घ्यायची नाही!" मग काय, मी कंबर कसली. अहो, दिवसरात्र पिचर, म्हणजे बेसबॉलमधला चेंडू फेकणारा, शोधत होतो!

आमचा खेळ बेसबॉलचाच, पण खुर्चीत बसून. खरे खेळाडू निवडायचे, घाम त्यांनी गाळायचा, गुण आपल्या खात्यात. नावाजलेले पिचर निवडीच्या पहिल्याच दिवशी संपतात. उरतात ते कोपर दुखावलेले, बाकावर विसरलेले, कुणाच्या नजरेत न भरलेले... त्यांतून हिरा काढायचा! टेक्सास पालथं घातलं, ओरेगन पालथं घातलं, कॉम्प्युटरपुढे डोळ्यांतून पाणी आलं... आणि खालून काय? धाड! धाड! धाड!

मूस. आमचा भाडेकरू. गावातल्या छोट्या टीमकडून खेळायचा आणि माझ्या गॅरेजच्या दारावर चेंडू हाणायचा. त्याच्या टीमवाले मूस म्हणायचे, लोर्ना मूस म्हणायची, मीही मूसच म्हणायचो. भाडं टीमकडून यायचं, खरं नाव विचारतो कोण? "अरे मूस, दार आहे ते, वैरी नाही!" तर म्हणे, "सॉरी हं व्हर्नकाका, पण सराव नको का?" कर की बाबा, पण जरा दमानं! अहो, फळी फुटली! नवी बसवली, तीही फुटली, आणि नेमकी त्याच जागी! आता नेमकी त्याच जागी फुटते म्हणजे काय, हे माझ्या डोक्यात नको यायला? कसं येणार हो? मी पिचर शोधत होतो!

एकदा तर माझ्या मागे येऊन उभा राहिला, कॉर्नफ्लेक्सचा वाडगा घेऊन. माझेच कॉर्नफ्लेक्स! "काका, काय बघताय?" म्हटलं, "कुणाच्या लक्षात न आलेला पिचर." जरा घुटमळला, म्हणाला, "मी पण..." म्हटलं, "तू पण बाजूला हो, उजेड अडतोय!"

आणि वर मी हे रडगाणं गायलो कुणापुढे? मेहुण्यापुढे! ड्वाइटपुढे! आमच्याच कंपूतला तो. "दाजी, फळी केवढी जाड होती?" मी बोटांनी दाखवली. "अस्सं!" म्हणाला आणि मला बिअर पाजली. ड्वाइटने! बिअर! तिथेच माझं डोकं ठिकाणावर यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी गडी छोट्या मैदानावर जाऊन बसला, माझ्या घरापासून हाकेवर, जिथे मी कधी पाऊलही टाकलं नाही.

ऑगस्टात मूस बॅग उचलून गेला. म्हटलं, सुटलो! त्याच दुपारी यादीत नवं नाव, लेस्टर प्शिबिल्स्की, मोठ्या टीमने आजच बोलावलेला. नाव म्हणून बघितलं, जीभ अडकली. ज्याचं नाव घेता येत नाही त्याच्या नावाने ओरडणार काय? सोडून दिला! ड्वाइटने उचलला.

संध्याकाळी टीव्ही लावला आणि लोर्ना किंचाळली, "अगं बाई! हा तर आपला मूस!" हातातली बशी पडली हो माझ्या! मूस?! ह्याला नाव आहे?! समोरचे एकेक बॅट टेकत माघारी, आणि चेंडू कुठे? नेमका त्याच जागी! माझ्या घरात होता... माझ्या छपराखाली! आणि मी, तुम्हाला सांगतो, मी पिचर शोधत होतो! तेवढ्यात ड्वाइटचा फोन. "दाजी, फळीबद्दल थँक्यू हं!"

हे बघा, हे बघा... ती निळी गाडी! मूस! राहिलेलं सामान न्यायला आला असणार. मूस! अरे ए मूस!... अं... लेस्टर! हात केला त्याने! हसला! आणि... गेला?

ओळखलंच नाही मला. अख्खा उन्हाळा माझ्या घरी राहिला, माझे कॉर्नफ्लेक्स खाल्ले, आणि ओळखलं नाही!

जाऊ दे. मी तरी कुठे ओळखलं होतं त्याला? व्हा पुढे, तुमचा सिग्नल सुटला.