सर्वेवालीला सगळं बेस सांगितलं

सर्वेवालीला म्या साफ खोटं सांगितलं, हे तुमालाच सांगते बायांनो. नातू फौजेत, सीमेवर. आठ दिवस झाले त्याचा फोन न्हाई, जीव नुसता टांगणीला. त्यातच मंठ्याहून ती पोरगी आल्ती.

“आजी, दिल्लीतला कारभार कसा वाटतो?”

“बेस.”

“सीमेवरचा बंदोबस्त?”

“बिलकुल बेस.”

“ऊन वाढलं, पाऊस बिघडला. त्यावर सरकार काही करतंय?”

“बराबर करून राह्यलंय.”

सून फस्सकन हसली. “आत्याबाई, काल तर साऱ्यांचा उद्धार करत होत्या!”

पोरगी म्हणली, “आजी, खरं सांगा. तुमचं नाव मी कुठंच लिहीत नाही.”

“अन् गाव?”

“गाव लिहावंच लागतं. अन् घरातलं कोणी फौजेत आहे का, तेही.”

“मंग? या गावातून फौजेत आमचा नातू एकलाच गेलाय, बाई.”