रिकाम्या खुर्च्यांचा हाऊसफुल्ल

थिएटरच्या तिकीटखिडकीशी माझ्यापुढे एक बाई उभी होती, आणि आतला तिकीटवाला तिला परत परत समजावत होता.

"मावशी, सांगितलं ना, मुलं पळवणाऱ्यांवरचा तो सिनेमा हाऊसफुल्ल आहे."

"अहो, दार उघडंच आहे. आत चिटपाखरू नाही!"

"सगळी तिकिटं एका पक्षानं घेतलीत. सिनेमा गाजला पाहिजे म्हणून."

"मग बघायला का नाही आले?"

"आले होते की. घोषणा दिल्या, पडद्यापुढे फोटो काढले आणि गेले."

"बरं, संध्याकाळच्या खेळाचं द्या."

"तो दुसऱ्या पक्षानं घेतलाय. लोकांनी बघू नये म्हणून."

"त्यांनी तरी पाहिलाय का?"

"छे! पाहायचा नाही, हाच तर त्यांचा निषेध."

"म्हणजे पोरं पळवणारे राहिले बाजूला, आणि हे बसलेत एकमेकांच्या उरावर! डोकी फिरलीत का मेल्यांची?"

"माझ्यावर कशाला ओरडता? मी नुसता खिडकीवर बसतो."

"मग कुणावर ओरडू? माझ्या बहिणीची पोर शाळेच्या वाटेवरून उचलून नेली, तेव्हा दोन्ही पक्षांचे उंबरठे झिजवले आम्ही. एकानं विचारलं, मत कुणाला दिलंत? दुसऱ्यानंही तेच विचारलं. मला एका कोपऱ्यात बसू द्या, भाऊ."

"विकलेल्या खुर्चीवर नाही बसवता येत, मावशी. माझी नोकरी जाईल."

"बरं, नका बसवू. एवढंच सांगा, सिनेमातली मुलगी शेवटी सापडते का?"

"ते मलाही ठाऊक नाही. शेवटपर्यंत अजून कुणी बसलेलंच नाही."