रूपचंदचं प्यादं

१९५८. खांडबारा स्टेशनवर सुरतेकडची गाडी उशिरा होती. माझ्या मागच्या बाकावर एक शेतकरी बुद्धिबळाची पेटी मांडीवर घेऊन बसला होता. बायको बाजार करून आली आणि त्याला राहवलं नाही.

“जिंकनू वं! आज रूपचंद हारना!”

“काय सांगतस! तो ते गावमा कोनासंगेच हारत नही.”

“हाई प्यादं देख.”

“अगं माय! गुलाबी पगडी, वाकडी मिशी... हाऊ ते रूपचंदच शे!”

“दिवाळीपासून रंगाडं. गालवर चामखीळबी काढी.”

“घरमा रंगना डबाच डबा भरी ठेवात, तव्हय मी चिडू.”

“आज कामले उनात ना! डाव मांडा, अन हाई प्यादं त्यान्हाच बाजूले ठेवं. मंग काय, त्यानी ते मरूच दिधं नही. त्यान्हासाठे घोडा दिधा, हत्ती दिधा, शेवट राजाबी गया!”

“सोतःले वाचाडामा राजा घालाडा!”

“अन हारीसन वर तेच प्यादं मांगस!”

“अन हाऊ तुम्हना वजीर? त्यान्हा नाकमा ते मन्ही नथ शे!”

“तूच शे ती.”

“मंग मन्हं काय झायं डावमा?”

“मरनी वं. पन तठेच डाव मन्हाकडे फिरना.”

“म्हंजे रूपचंदनी सोतःले वाचाडं, अन तुम्हीन मले मरू दिधं?”

“डाव ते जिंकनू ना!”

“घर जाईसन द्या मले रंगनी डबी. आते तुम्हनं प्यादं मी रंगाडसू. मंग मन्हासंगे डाव मांडा. सर्वात आधी तेच मारसू.”